आत्मसंरक्षण : कायद्यातलं आणि कोर्टातलं

खुनाच्या आरोपातून सुटण्याचे मार्ग बरेच आहेत. साक्षीदार फितूर होतात, पंच म्हणतात की आमची नुसती सही घेतली, हत्यारावरचं रक्त कोणाचं ते ठरत नाही. या सगळ्या मार्गांवर आरोपीचं म्हणणं एकच असतं, की मी मारलं नाही. आत्मसंरक्षणाचा बचाव अगदी उलट्या टोकाहून सुरू होतो. मी मारलं, तो माझ्याच हातून मेला, आणि तरीही मी गुन्हा केलेला नाही, असं म्हणायची मुभा कायदा ज्या थोड्या ठिकाणी देतो, त्यांतलं हे सगळ्यांत महत्त्वाचं ठिकाण आहे. याबद्दल लोकांत दोन समज पक्के बसलेले दिसतात. घरात शिरलेल्या चोराला ठार मारायची मोकळीक असते, हा एक. आणि काहीही झालं तरी हात उचलला की आपणच आत जाणार, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. दुसरा जास्त घातक आहे असं माझं मत आहे, कारण त्या भीतीपोटी माणसं घटनेनंतर खोटं बोलतात आणि हातात असलेला बचाव घालवून बसतात.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. भारतीय दंड संहितेची कलमं 96 ते 106, म्हणजेच आताच्या भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44, एवढाच हा प्रदेश. स्वतःच्या शरीराचं, दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं, आणि चोरी, जबरी चोरी, आगळीक किंवा गुन्हेगारी स्वरूपाचं अतिक्रमण होत असेल तर मालमत्तेचंही रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हल्लेखोर वेडा असला आणि म्हणून स्वतः शिक्षेस पात्र नसला, तरी त्याच्यापासून वाचण्याचा हक्क कमी होत नाही. हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, याची यादीच कायद्यात आहे: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ज्यातून सरकारी मदत मागताच येणार नाही अशी कोंडवणूक, आणि 2013 च्या दुरुस्तीनंतर ॲसिडहल्ला. मालमत्तेसाठी ही यादी आखूड आहे. त्यात जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग आणि जिवाची भीती घालणारी चोरी एवढंच येतं. या सगळ्यावर तीन मर्यादा आहेत. पोलिसांकडे जायला वेळ होता का, गरजेपेक्षा जास्त इजा केली का, आणि समोरचा लोकसेवक आपलं काम करत होता का? पहिली आणि दुसरी मर्यादा खटल्यांत रोज भेटतात.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की कायदा उदार आहे. तो खरोखरच आहे. पण हा हक्क कलमांच्या भाषेत जेवढा रुंद दिसतो तेवढा सत्र न्यायालयात उरत नाही. तो तिथे टिकेल की जाईल, हे बहुतेक वेळा घटनेनंतरच्या पहिल्या दिवसात तयार झालेल्या कागदांवर ठरतं. या पुस्तकाचा सगळा भर या अंतरावर आहे.

आपल्या परंपरेत हा विषय आततायी या नावाने येतो. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, धन लुटणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा, असे सहा आततायी स्मृतींनी सांगितले. चालून येणाऱ्या आततायीला मारण्यात दोष नाही असं मनुस्मृती म्हणते. मग तो ब्राह्मण असला तर काय, यावर भाष्यकारांनी भरपूर शाई खर्च केली आणि मिताक्षरेत विज्ञानेश्वरही त्या वादात उतरला. भारतरत्न पां. वा. काणे हे स्वतः मुंबई उच्च न्यायालयातले वकील. धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांनी हा वाद उलगडला आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली छापलेल्या गीतारहस्यात अहिंसेचे अपवाद शोधताना हाच आततायी पुढे आणला आणि आधुनिक फौजदारी कायद्यालाही हा हक्क मान्य असल्याची नोंद केली. सहांपैकी बरेच जण आजच्या यादीत वेगळ्या वेषात सापडतात. एक मात्र गळला आहे, तो शेत बळकावणारा. नुसतं शेतात घुसलेल्या माणसाला हुसकावता येतं, त्यासाठी गरजेपुरता मारही देता येतो, पण त्याला ठार करता येत नाही. गावाकडच्या न्यायबुद्धीत तो अजूनही आततायी आहे. बांधावरून झालेल्या खुनांत आरोपीला आपण चुकलो असं मनापासून वाटत नाही, त्याचं एक कारण मला इथे दिसतं.

इंग्लंडमधली वाट वेगळी होती. मध्ययुगात स्वतःला वाचवताना मारलेला माणूससुद्धा मेलेलाच माणूस, म्हणून मारणाऱ्याला राजाची माफी मागावी लागे आणि त्याची चीजवस्तू जप्त होई. ही जप्ती कायद्याने संपली ती 1828 साली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे हटलं पाहिजे, ही अपेक्षा त्याच विचारातली. मेकॉलेच्या विधी आयोगाने 1837 चा मसुदा केला तेव्हा ही वाट सोडली. इथली रयत दरोडे आणि मारहाण फारच मुकाट सोसते, तेव्हा तिच्यावर बंधनं वाढवण्यापेक्षा तिच्यात मर्दानी बाणा जागवणं बरं, असा त्या मसुद्याच्या टिपणातला सूर आहे. हे प्रकरण अपुरं राहिल्याची कबुलीही तिथेच आहे. त्या कौतुकामागे राज्यकर्त्यांची तुच्छता आहे, हे वेगळं सांगायला नको. त्याच राजवटीने 1878 साली शस्त्रकायदा करून या बाणा जागवायच्या रयतेच्या हातून हत्यारं काढून घेतली. तरी 1860 साली संमत झालेल्या संहितेत ही उदार कलमं आली आणि स्वतंत्र भारताने ती जवळजवळ जशीच्या तशी चालवली.

इतर देशांची मांडणी इथे धावतीच घेतो. जर्मन दंडसंहितेचं कलम 32 असं मानतं की कायद्याने अन्यायापुढे माघार घ्यायचं कारण नाही, त्यामुळे तिथे इजेच्या प्रमाणाचा हिशेब बराच सैल आहे. गोंधळून, भिऊन किंवा धसक्याने कोणी मर्यादा ओलांडली तर कलम 33 त्याला शिक्षाच करत नाही. इंग्लिश न्यायालयं 1980 च्या दशकात आरोपीच्या प्रामाणिक समजाकडे झुकली. हल्ला होतोय असं त्याला खरंच वाटलं असेल तर तो समज वाजवी नसला तरी चालेल, असं त्यांनी ठरवलं. अमेरिकेत फ्लोरिडाने 2005 साली भर रस्त्यातही मागे हटण्याची गरज नाही असा कायदा केला आणि अनेक राज्यांनी तो उचलला. या तिन्ही वाटांवरचे वाद आपल्या निकालांत कुठे ना कुठे डोकावतात, म्हणून त्यांची ओळख हवी. आपला कायदा भीती वाजवी असावी एवढं मागतो. ही भीती तोलायची मात्र आरोपीच्या जागी उभं राहून.

हे जागी उभं राहणं म्हणजे काय, ते अमजद खान खटल्यात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. मार्च 1950, मध्य प्रदेशातलं कटनी. सिंधमधून आलेले निर्वासित आणि स्थानिक मुसलमान यांच्यात दंगल पेटली. जमाव दुकानं लुटत आला. इमारतीचा शेजारचा भाग फोडून लुटला गेला आणि मग अमजद खानच्या दारावर लाठ्या पडू लागल्या. आत बायकामुलं होती. त्याने बंदुकीतून दोन गोळ्या झाडल्या. एक मेला, तिघे जखमी झाले. दार तुटलेलं नव्हतं आणि त्याच्या अंगाला कोणी हात लावलेला नव्हता, तेव्हा गोळी झाडायची वेळ आली नव्हती, असा खालच्या न्यायालयांचा विचार. अपील नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1952 साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्याला सोडलं. बोस यांची बरीचशी कारकीर्द नागपूरच्याच न्यायालयात गेलेली. दार तुटेपर्यंत थांबायचं आणि मग काय करायचं, असा त्यांच्या निकालाचा साधा रोख होता. शेजारी जे घडलं ते पाहिलेल्या माणसाने आपल्या घरी वेगळं घडेल अशी आशा का धरावी? हा निकाल इतका आखूड आणि इतका स्पष्ट आहे की कायद्याच्या पहिल्या वर्षाला तो सक्तीने वाचायला लावावा.

पुढच्या साठ वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने हीच चौकट भरत नेली. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी जय देव खटल्यात सांगितलं की जिवाच्या भीतीत सापडलेल्या माणसाने किती जोर लावावा हे थंड डोक्याने मोजून ठरवता येत नाही. त्याच निकालात त्यांनी हेही सांगितलं की धोका सरला की हक्कही सरला. पळत सुटलेल्यांवर दुरून गोळ्या झाडणाऱ्यांची दोषसिद्धी त्यांनी कायम केली. तत्त्वात सढळ आणि तारतम्यात कडक, हा तोल नंतरच्या निकालांतही दिसतो. देव नारायण खटल्यात उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं की लाठीला भाला हे उत्तर नव्हे. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, लाठी डोक्यात बसली तर तीही मारते. जेम्स मार्टिन खटल्यात बंदच्या दिवशी केरळातल्या एका पिठाच्या गिरणीवर चालून आलेल्यांवर गोळी झाडली गेली आणि दोघे मेले. 2003 च्या डिसेंबरात तो बचाव मान्य झाला. 2010 साली दर्शन सिंग खटल्यात न्यायमूर्ती दलवीर भंडारी यांनी सगळ्या जुन्या निकालांचं सार दहा सूत्रांत मांडलं. आज वकील युक्तिवादाला उभे राहिले की तीच सूत्रं वाचतात. थोडं जास्तच वाचतात, असं मला वाटतं. सूत्रं हाताशी असली की घटनेचा तपशील मागे पडतो.

एका प्रश्नावर मात्र हे निकाल एका सुरात बोलत नाहीत. पळून जाता येत असेल तर पळायलाच हवं का? मुन्शी राम खटल्यात न्यायालयाने म्हटलं की ताब्यातल्या जमिनीवर कोणी जबरदस्तीने घुसत असताना मालकाने ती सोडून पोलिसांकडे धावत सुटावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही. 1980 च्या योगेंद्र मोरारजी खटल्यात मात्र सुटकेची दुसरी सुरक्षित वाट नसली पाहिजे अशी भाषा येते. आरोपी मोटारीत होता, गाडी पुढे काढू शकत होता, गोळ्या झाडायची गरज नव्हती, असा तिथला सूर. त्याला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. घर आणि शेत राखणारा माणूस वेगळा आणि रस्त्यावर गाठला गेलेला वेगळा, असं मानलं तर दोन्ही निकाल एकत्र नांदतात. पण न्यायालयाने तसं स्पष्ट म्हटलेलं नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या सोयीचा निकाल काढून दाखवतात.

आता कोर्टाकडे. भारतातल्या अशा खटल्यांत बंदूक क्वचित असते. असतात त्या काठ्या, कुऱ्हाडी, कोयते, आणि दोन बाजूंची पाच-पाच, दहा-दहा माणसं. बांध, पाणी, वहिवाटीचा रस्ता, जुनी भाऊबंदकी. एका बाजूचा माणूस मरतो, दुसऱ्या बाजूचे जखमी होतात आणि दोघेही पोलीस ठाण्यात पोचतात. कोणाची फिर्याद आधी नोंदली गेली, यावर पुढची अनेक वर्षं अवलंबून असतात. मेलेल्याच्या बाजूची फिर्याद खुनाची होते. जखमी आरोपींची उलट फिर्याद कधी किरकोळ मारहाणीची, कधी नुसती नोंद होऊन पडून राहते. या दोन्ही तक्रारी एकाच न्यायाधीशाने एकापाठोपाठ ऐकाव्यात आणि निकाल एकाच वेळी द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नथी लाल खटल्यात सांगितलं आहे. तसं झालं नाही तर एकाच भांडणाची दोन अर्धी चित्रं दोन खोल्यांत टांगली जातात. पहिला घाव कोणाचा, हे त्यांतून कळत नाही. आणि ते कळलं नाही की दोन्ही बाजू मारामारीच्या इराद्यानेच आल्या होत्या असा निष्कर्ष सोपा होतो. अशा खुल्या मारामारीत आत्मसंरक्षणाचा हक्क कोणालाच नाही, हे तत्त्व ठरलेलं आहे. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कृत्यापुरतं जबाबदार धरलं जातं.

म्हणून आरोपीच्या अंगावरच्या जखमा महत्त्वाच्या. 1976 साली लक्ष्मी सिंग खटल्यात न्यायालयाने सांगितलं की त्याच घटनेत आरोपीला झालेल्या जखमांबद्दल सरकारी पक्ष गप्प राहिला, तर घटना कशी घडली ते त्याने लपवल्याचा, साक्षीदार खोटं बोलत असल्याचा आणि आरोपीची बाजू शक्य कोटीतली असल्याचा निष्कर्ष काढता येतो. नंतरच्या निकालांनी याला मुरड घातली. खरचटणं आणि मुका मार यांचा खुलासा करायलाच हवा असं नाही. पण या सगळ्यासाठी जखमांचा दाखला हवा, तो वेळेवर निघालेला हवा. अटक होताना आरोपीला डॉक्टरपुढे नेलं, डॉक्टरांनी जखमेचं वय लिहिलं, एवढ्या साध्या गोष्टीवर बचाव तरतो.

पुराव्याचं ओझं हा इथला दुसरा पेच. अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर आहे, असं पुरावा कायद्याचं कलम 105 सांगे. आताच्या साक्ष्य अधिनियमात ते कलम 108 झालं. हे ओझं सरकारी पक्षाइतकं जड नसतं. आपलं म्हणणं संभवनीय आहे, एवढं दाखवलं की पुरतं. त्यासाठी स्वतः साक्षीला उभं राहावं लागत नाही, फिर्यादीच्या साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते निघू शकतं. आरोपीने हा बचाव तोंडाने घेतलाच नाही आणि पुराव्यातून तो दिसत असला, तरी न्यायाधीशाने त्याचा विचार करावा, असंही कायदा सांगतो. व्यवहारात मात्र ‘मी तिथे नव्हतोच’ असं आरोपीच्या जबाबात एकदा लिहिलं गेलं की ‘मला मारायला आले म्हणून मी मारलं’ हे पटवणं वकिलाला फार अवघड जातं.

प्रामाणिक आरोपीची गत तर आणखी विचित्र आहे. घटना घडताच कोणी थेट पोलीस ठाण्यात गेला आणि सगळं खरं सांगितलं, तर त्याची ती फिर्याद म्हणजे पोलिसांपुढची कबुली ठरते. अघ्नू नगेसिया खटल्यात 1965 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशा कबुलीचे तुकडे करून अर्धी घ्यायची आणि अर्धी टाकायची असं चालणार नाही, ती सबंधच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून बाद. पोलिसी छळापासून वाचवणारं हे संरक्षण योग्यच आहे. पण त्यामुळे मार खाऊन, घाबरून, दहा मिनिटांत सांगितलेली त्याची ताजी हकिगत न्यायाधीशापुढे सहसा येत नाही. येतो तो जबाब, काही वर्षांनंतर छापील प्रश्नांना दिलेला.

बचाव पूर्ण पटला तर निर्दोष सुटका. अर्धा पटला, म्हणजे हक्क होता पण मर्यादा ओलांडली, तर खुनाच्या व्याख्येतला दुसरा अपवाद लागतो आणि गुन्हा सदोष मनुष्यवधावर येतो. सद्भावना हवी, पूर्वतयारी नको, गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हेतू नको. अनेक खटले शेवटी इथे येऊन थांबतात. नव्या संहितेने इथे एक बदल केला आहे, ज्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. जुन्या कलम 304 च्या पहिल्या भागात जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होती, कमीत कमी किती ते न्यायाधीशाच्या हातात होतं. नव्या कलम 105 मध्ये, जन्मठेप नसेल तर, किमान पाच वर्षांची कैद आली. हक्क असलेल्या पण घाबरून एक घाव जास्त घातलेल्या माणसाला भोगलेली कैद पुरे म्हणून सोडून द्यायची सोय त्यामुळे गेली. जर्मन कलम 33 शेजारी ठेवून हे वाचावं.

स्त्रियांचे खटले या पुस्तकात वेगळे काढले आहेत. बलात्कार होत असताना हल्लेखोराला मारण्याचा हक्क स्त्रीला आहे, तिच्या मदतीला धावणाऱ्यालाही आहे. मुलीवर अत्याचार करणाऱ्यावर फावडं चालवणाऱ्या बापाला 1992 साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. अडचण आहे ती रोजच्या मारहाणीची. नवरा झोपलेला असताना घातलेल्या घावाच्या क्षणी हल्ला चालू नसतो, आणि ही कलमं सारी त्या क्षणाभोवती फिरतात. दीर्घ छळाचा विचार गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 साली केला आणि खुनाचा गुन्हा कमी केला. सुटका मात्र दिली नाही. नागपूरच्या न्यायालयात 13 ऑगस्ट 2004 रोजी कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीला वर्षानुवर्षं छळणाऱ्या गुंडाला ठार केलं. पोलिसांकडे जाऊन थकलेल्या लोकांना सरकारी मदत उपलब्ध होती असं म्हणायचं का, हा त्यातला खरा कायदेशीर प्रश्न होता. आरोपी 2014 साली पुराव्याअभावी सुटले आणि प्रश्न तसाच राहिला.

पोलीस चकमकींचं प्रकरण शेवटी आहे. तिथेही शब्द तेच, ‘आत्मसंरक्षणार्थ गोळीबार’. पण चकमकीत तपास करणारा, कागद लिहिणारा आणि गोळी झाडणारा एकाच खात्याचा असतो. म्हणून मुंबईतल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सोळा कलमी सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्याची चौकशी करा. शेतकऱ्याचा बचाव जितक्या कसून तपासला जातो तितक्याच कसून पोलिसाचाही तपासला जावा, यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

पुस्तकाची रचना कलमांच्या क्रमाने नाही. ती खटल्याच्या क्रमाने केली आहे: घटनास्थळ, फिर्याद, जखमा, पंचनामा, उलटतपासणी, जबाब, निकाल. तालुक्याच्या कोर्टात नव्याने उभे राहणारे वकील, गुन्हेवार्ता लिहिणारे पत्रकार आणि ज्यांच्या घरात असा खटला चालू आहे अशी माणसं डोळ्यांपुढे होती. निकाल सांगताना आधी घटना पूर्ण सांगितली आहे, तत्त्व नंतर. ज्या निकालांशी मी सहमत नाही तिथे तसं लिहिलं आहे. एक गाजलेला खटला वाचकाला इथे सापडणार नाही, तो नानावटींचा. तिथला बचाव झटापटीत चुकून गोळी सुटल्याचा आणि नाहीतर तीव्र व आकस्मिक प्रक्षोभाचा होता, आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही नाकारले. पुराव्याच्या ओझ्याबद्दल त्यात महत्त्वाचं लिहिलेलं आहे, पण प्रक्षोभ हा वेगळ्या पुस्तकाचा विषय.

कलमांचे जुने आणि नवे असे दोन्ही आकडे सगळीकडे दिले आहेत. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. भांडण 30 जूनच्या रात्री झालं असेल तर खटला जुन्या कलमांनी चालणार, आणि असे खटले अजून कित्येक वर्षं बोर्डावर राहतील.